वारंवार जळणारा फ्यूज

घरांत मोटार असणें हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. परंतु तिच्या पोटांत काय काय आहे हें ठाऊक असणारीं माणसें घरोघरीं अद्यापि विरळाच. पाटा गुळगुळीत झाला तर त्यास टांकी कोणाकडून लावून घ्यावी, रहाट कुरकुरूं लागला तर तेल कोठें सोडावें, हें आमच्या आजीस पाठ आहे. मोटारीचा दिवा मात्र विझला, कीं घरांतील चांगलीं शिकलींसवरलीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. आणि ज्याच्या हातांत पक्कड असेल तो त्या घटकेपुरता शहाणा ठरतो. गेल्या कार्तिकांत आमच्या घरीं नेमकें हेंच घडलें. त्यांतून मिळालेला धडा आम्हांस स्वस्तांत पडला असें म्हणतां यावयाचें नाहीं; म्हणूनच तो वाचकांस फुकट द्यावा असें मनांत आलें.

आमचें घर भंडारा शहरांतलें. जिल्हा धानाचा. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तरी उरलेल्या भागाचें मुख्य पीक भातच आहे. अंगणाच्या कडेस आमची पत्र्याची एक पडवी आहे. तींत मोटार उभी असते. आणि शेतावरून हलकें धान घरीं आलें म्हणजे त्याचीं पोतींहि मोटारीच्या शेजारींच रचलीं जातात. हा शेजार आम्हांस पुढें कसा भोंवला तें ओघानें येईलच.

दिवाळीच्या आधीं एके संध्याकाळीं मोटारीचे मागचे तांबडे दिवे, पुढचे बारीक दिवे व नंबराच्या पाटीवरचे दिवे असे सगळे एकदम गेले. रस्ता दाखविणारे मोठे दिवे तेवढे चालू होते. पुतण्यानें फ्यूज काढून पाहिला, तों त्यांतील पातळ पट्टी मध्येंच तुटलेली. त्यानें तसाच दहा अँपिअरचा दुसरा फ्यूज घातला व दिवे लागले. आठवड्यानें पुन्हां तोच प्रकार! या खेपेस गाडी एका कारागिराकडे गेली. त्यानें क्षणभर डोकावून, “फ्यूज कमजोर पडतो, मोठा टाकतों,” असें सांगितलें व वीस अँपिअरचा फ्यूज बसवून दिला. दिवे लागलेले पाहून आम्ही सर्वजण समाधान पावलों. रोग्याचा ताप मोजण्याची नळी फोडून टाकावी आणि ताप उतरला म्हणून पेढे वाटावे, त्यांतलाच तो प्रकार होता, हें तेव्हां कोणाच्याच ध्यानीं आलें नाहीं.

त्रिपुरी पौर्णिमेस वैनगंगेंत दिवे सोडावे अशी आजीची इच्छा. म्हणून आजी, वहिनी, दोन मुलें, पुतण्या व मी असे पवनीस गेलों. घाटावरचें सारें आटोपून अंधार पडल्यावर परत निघालों. पौर्णिमा असली तरी झाडांखालच्या रस्त्यावर चांदण्याचा उपयोग बेताचाच. अड्याळ अजून यावयाचें होतें. एका खड्ड्यांत चाक आदळलें आणि पुतण्याच्या पुढ्यांतील तबकडीवरचा उजेड गेला. मोठे दिवे चालूच असल्यामुळें त्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. दोनच मिनिटांत पाठीमागून एका ट्रकचा भोंगा कर्कशपणें वाजला, त्याचे ब्रेक करकचले आणि तो आमच्या अंगावरून गेल्याप्रमाणें बाजूनें निघून गेला. तेव्हां कळलें कीं आमच्या मागचे दिवे विझले आहेत, व मागून येणाऱ्यास आमची मोटार दिसतच नाहीं. ताशीं साठ किलोमीटर वेगानें येणारें वाहन एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर पुढें येतें. त्या ट्रकवाल्याची नजर एक सेकंद इकडे तिकडे असती तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

गाडी कडेला घेतली. जवळ दुसरा फ्यूज नव्हता. पुतण्यानें मुलांच्या चॉकलेटवरचा चंदेरी कागद काढला, त्याची घडी घातली व ती फ्यूजच्या जागीं दाबून बसविली. दिवे लागले! मुलांनीं टाळ्या वाजविल्या. एक दीड किलोमीटर गेलों असूं नसूं, तों पुन्हां एक धक्का बसला, आणि रबर जळाल्यासारखा उग्र दर्प गाडींत भरला. समोरच्या फळीखालून धुराची बारीक रेघ निघूं लागली. वहिनी एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितात. त्या एकदम ओरडल्या, “दिवे बंद कर! सगळे बंद कर!” बटन फिरवितांच धूर थांबला. मुलांना व आजीला आधीं खालीं उतरविलें. आजी रस्त्याच्या कडेला उभी राहून शांतपणें म्हणाली, “दिवे सोडायला गेलों होतों, आतां घरचेहि सोडून चाललों म्हणायचे.”

ती रात्र आम्हीं अड्याळ येथें एका ओळखीच्या घरीं काढली. तेथपर्यंतचा थोडा रस्ता एका ओळखीच्या टेम्पोनें आमच्या पाठीशीं राहून पार करविला. दुसरे दिवशीं सूर्य चांगला वर आल्यावरच घरीं आलों. जेवणें झाल्यावर वहिनींनीं पदर खोंचला, आणि पुतण्यास समोर बसवून म्हणाल्या, “फ्यूज काय असतो तें आधीं नीट समजून घे, मग हत्याराला हात लाव.”

त्यांनीं जें सांगितलें त्याचा सारांश असा. फ्यूज म्हणजे विजेच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेला सर्वांत दुबळा दुवा. विजेचा प्रवाह तारेंतून वाहूं लागला कीं तार तापते. आणि प्रवाह दुप्पट झाला तर तारेंत उत्पन्न होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह बेसुमार वाढला तर कोठें तरी कांहीं तरी वितळणारच. मग तें तारांच्या जुडग्यांत, गादीखालीं किंवा पेट्रोलच्या नळीजवळ वितळण्यापेक्षां आपल्या डोळ्यांसमोर एका डबींत वितळलेलें बरें, एवढाच फ्यूजचा हेतु. ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. तारायंत्राच्या कचेऱ्यांस आकाशांतील विजेपासून धोका पोंचूं नये म्हणून पॅरिसच्या ब्रेगे यानें १८४७ सालींच बारीक तारेचा तुकडा मध्यें घालण्याची युक्ति सुचविली होती. पुढें घरोघर विजेचे दिवे आले तेव्हां एडिसननें फ्यूजचें पेटंट १८९० सालीं घेतलें.

आतां आमच्या मोटारीचा हिशेब पाहूं. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. पुढचे बारीक दिवे दोन, मागचे तांबडे दोन व नंबराच्या पाटीवरचे दोन, असे सहा दिवे. प्रत्येक पांच वॅटचा. एकूण तीस वॅट. वॅटांस व्होल्टांनीं भागिलें म्हणजे अँपिअर निघतात. तेव्हां प्रवाह झाला अडीच अँपिअर. तबकडीचे बारीक दिवे धरले तरी तीन अँपिअरच्या वर तो जाऊं नये. मग दहा अँपिअरचा फ्यूज जळतो याचा अर्थ काय? फ्यूज कमजोर आहे असा नव्हे. ज्या वाटेनें तीन अँपिअर जावयाचे तिनें तिपटीहून अधिक प्रवाह धांवतो आहे, म्हणजे दिव्यांपर्यंत न जातां वीज मध्येंच कोठें तरी मोटारीच्या लोखंडी सांगाड्यास मिळते आहे, असा तो स्पष्ट निरोप होता. तो निरोप आम्हीं दोनदां परत पाठविला, आणि तिसऱ्यांदा निरोप्याचें तोंड चंदेरी कागदानें बंद केलें. कागद जळला नाहीं. म्हणून तार जळली.

यावरून पहिला नियम निघतो. जळालेल्या फ्यूजच्या जागीं तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा, कधींहि मोठा नव्हे. आणि तार, नाणें, टांचणी किंवा चंदेरी कागद तर प्राणांतींहि नव्हे. आजच्या बहुतेक मोटारींतील फ्यूज चपटे, दोन पात्यांचे असतात, व त्यांची शक्ति रंगावरून ओळखतां येते: तांबडा दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. जागा तांबड्याची असून तेथें पिवळा किंवा हिरवा दिसला, तर आपल्या आधीं कोणीं तरी शहाणपण करून गेला आहे असें समजावें.

दुसरा नियम : फ्यूज कोणत्या क्षणीं जातो हें नीट लक्षांत ठेवावें, शक्य तर कागदावर टिपून ठेवावें. अर्धें निदान त्यांतच असतें. बटन दाबतांक्षणींच फ्यूज जात असेल तर तार सांगाड्यास कायमची टेंकलेली असते. खड्ड्यांत आदळल्यावर जात असेल तर उघडी पडलेली तार लोंबकळते आहे व मधून मधून स्पर्श करते आहे. पावसांत किंवा गाडी धुतल्यावर जात असेल तर मागच्या दिव्याच्या घरांत पाणी शिरून होल्डर गंजला असण्याचा संभव. डिकी उघडतांना वा मिटतांना जात असेल तर बिजागरीजवळ वांकून वांकून तारेचें आवरण फाटलेलें असतें. ब्रेक दाबतांच सर्व दिवे जात असतील, तर ब्रेकचा व मागचा असे दोन तंतु ज्या एकाच दिव्यांत असतात तो पाहावा. तो भलत्या बाजूनें बसविलेला किंवा त्याचा एक तंतु तुटून दुसऱ्यावर पडलेला आढळतो.

आणि दिवे लावल्यावर दहा पंधरा मिनिटांनीं फ्यूज जात असेल, तर बहुधा तार कोठें टेंकलेली नसून भारच जास्त झालेला असतो. याचें नेहमींचें उदाहरण म्हणजे मोठ्या दिव्यांत घातलेले जादा शक्तीचे बल्ब. मूळचा बल्ब साठ वॅटचा. त्यास पांच अँपिअर पुरतात. हौसेनें शंभर वॅटचा घातला तर तोच आंकडा आठाच्या वर जातो. दहाचा फ्यूज मग सदैव तापलेला राहतो. होल्डरहि वितळूं लागतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात तें निराळेंच. नवा भोंगा, शोभेचे दिवे किंवा गाण्याचें यंत्र कोणीं दिव्यांच्याच तारेस जोडून ठेविलें असेल तरीहि असेंच होतें. अशा प्रत्येक नव्या वस्तूस स्वतंत्र तार व स्वतंत्र फ्यूज पाहिजे. जळालेला फ्यूज उजेडांत धरून पाहावा: पट्टी मध्येंच सावकाश वितळून तुटलेली असेल तर भार जास्त, आणि आंत काळा डाग व धातूचे शिंतोडे उडालेले असतील तर तार टेंकली, असें सामान्यतः समजावें.

आमचा फ्यूज धक्क्यानें जात होता. तेव्हां जागा शोधावयाची होती ती लोंबकळणाऱ्या तारेची. पण शोधण्यासाठीं दरवेळीं नवा फ्यूज जाळावयाचा काय? वहिनींनीं त्यावर जी युक्ति केली ती प्रत्येक घरांत माहीत असावी अशी आहे. त्यांनीं ब्रेकच्या दिव्याचा एकवीस वॅटचा एक जुना बल्ब घेतला, त्याच्या होल्डरास दोन तारा जोडल्या, आणि फ्यूज काढून त्याच्या दोन खांचांत त्या दोन तारांचीं टोकें बसविलीं. आतां फ्यूजऐवजीं विजेच्या वाटेवर हा बल्ब आला. मग त्या वाटेवरचे साही दिवे काढून ठेवले व बटन चालू केलें. दिवे काढल्यामुळें विजेला जावयास सरळ वाट उरत नाहीं. म्हणून परीक्षेचा बल्ब विझलेला राहिला पाहिजे. तो प्रखर पेटला, तर वीज चोरवाटेनें सांगाड्यांत जाते आहे हें सिद्ध झालें. यांत भीति कांहींच नाहीं. कारण तार पुरती टेंकलेली असली तरी या बल्बांतून पावणेदोन अँपिअरपेक्षां फारसा अधिक प्रवाह जाऊंच शकत नाहीं. दिवे न काढतां हा प्रयोग करूं नये. कारण मग बल्ब त्या दिव्यांमुळेंच पेटतो व मनुष्य फसतो. तबकडीमागील बारीक दिवे काढणें अवघड असतें. ते राहिले तरी परीक्षेचा बल्ब काजव्याएवढा मिणमिणतो, इतकेंच.

आमचा बल्ब तसाच मिणमिणत होता. पुतण्या म्हणाला, “म्हणजे आतां कांहीं बिघाड नाहीं!” वहिनी म्हणाल्या, “बिघाड झोंपला आहे. त्याला जागा कर.” मग पुतण्यानें डिकी जोरानें आपटली, मागच्या आसनावर बसून हिसके दिले, दरवाजे हलविले. आसनावर बसतांच बल्ब एकदम लख्ख पेटला व पुन्हां मिणमिणूं लागला. मागच्या बाजूस जाणारें तारांचें जुडगें ज्या सांध्यापाशीं सुटतें तो सांधा मग मोकळा केला आणि पुन्हां हिसके दिले; आतां बल्ब लखलखला नाहीं. म्हणजे चोर सांध्याच्या मागच्याच बाजूस होता. अशा रीतीनें अर्धी वाट एकदम निर्दोष ठरते. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करावे. दोन चार खेपांत शोध हातभर जागेवर येतो.

मागचें आसन उचललें, आणि काय दिसावें? तुसांचें, चिंध्यांचें व कागदाच्या कपट्यांचें एक छानदार घरटें! त्याच्या कडेनें जाणाऱ्या तारांचें आवरण चार बोटें लांब कुरतडून टाकलेलें, आणि आंतील तांबें उघडें पडून आसनाखालच्या पत्र्यापासून केसभर अंतरावर. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठीं त्याला कांहीं तरी कुरतडावेंच लागतें. शेजारीं धानाचीं पोतीं, वर उबदार आसन, आणि दांतांस मऊ आवरणाच्या तारा. इतकी सोय त्या बापड्यास आणखी कोठें मिळणार! गाडी खड्ड्यांत आदळली, कीं वरचें आसन दबून ती तार पत्र्यास लागे, फ्यूज जाई, आणि पुढच्या क्षणीं तार पुन्हां सुटे. म्हणूनच नवा फ्यूज घातला कीं दिवे लागत, व आम्हांस बिघाड मिटल्याचा भास होई.

दुरुस्तीचें काम त्यामानानें सोपें होतें. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडविली. विजेच्या कामांत ही पायरी कधींहि गाळूं नये. कुरतडलेला भाग कापून तितक्याच जाडीची नवी तार डांक देऊन जोडली, सांध्यावर ताप लागतांच आकसणारी नळी चढविली, सगळें जुडगें नव्या वेष्टनांत गुंडाळलें, आणि तें पत्र्यास घासणार नाहीं असें बांधून टाकलें. पत्र्याच्या भोंकांतून तार जेथें जाते तेथें रबरी कडें आहे कीं नाहीं तेंहि पाहिलें. पण एवढ्यानें भागलें नाहीं. चंदेरी कागदानें केलेला अपराध समोरच्या फळीमागें लपून बसला होता. फ्यूजपासून निघणारी तार तेथें इतकी तापली होती, कीं तिचें आवरण वितळून शेजारच्या दोन तारांस चिकटलें होतें. तें काम मात्र एका जाणत्या वायरमनकडून करून घ्यावें लागलें. त्यास दोन दिवस लागले. उंदरानें चार बोटें तार खाल्ली; माणसाच्या चतुराईनें दोन हात जाळली. शेवटीं दहा अँपिअरचा तांबडा फ्यूज घातला. त्यानंतर आम्ही पवनीस दोनदां व साकोलीस एकदां जाऊन आलों. तो फ्यूज अजून शाबूत आहे.

येथें दोन सूचना अवश्य द्यावयास हव्यात. जुन्या व साध्या रचनेच्या मोटारींतच हा परीक्षेच्या बल्बाचा प्रयोग घरीं करावा. अलीकडील कित्येक मोटारींत दिव्यांचा कारभार एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असतो. तेथें भलतीच जोडणी केली तर लहान दुरुस्तीचें मोठें बिल होतें. तसेंच आसनांखालीं किंवा चक्राजवळ पिवळ्या वेष्टनाच्या तारा वा जोडण्या दिसल्या तर त्यांस हात लावूं नये. त्या बहुधा अपघातांत फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या असतात. घरच्या माणसानें फ्यूज केव्हां जातो याची नोंद ठेवावी, बल्ब व होल्डर पाहावे, आसनाखालीं व डिकींत डोकावावें. इतकें करून पुढचें काम जाणत्याकडे सोंपविलें तरी त्याचा निम्मा वेळ वांचतो. मात्र, “मोठा फ्यूज टाकतों,” असें कोणी म्हणाला तर त्यास नम्रपणें नकार द्यावा.

प्रवासांत फ्यूज गेलाच आणि मागचे दिवे विझले तर काय करावें, हेंहि ठरवून ठेवावें. मोटारींत प्रत्येक शक्तीचे दोन दोन जादा फ्यूज व एक हातबत्ती असावी. नवा फ्यूज एकदां घालून पाहावा. तोहि लगेच गेला तर तिसरा जाळण्याच्या भरीस पडूं नये. धोक्याचे लुकलुकणारे दिवे बहुधा निराळ्या फ्यूजवर असतात. ते चालू ठेवून गाडी रस्त्याबाहेर घ्यावी, माणसांना गाडीपासून दूर उभें करावें, आणि जवळच्या गांवीं रात्र काढावी. घरीं पोंचण्याची घाई ही पुष्कळ अपघातांची आई आहे.

आमच्या घरांत या प्रसंगानंतर दोन फेरफार झाले. धानाचीं पोतीं पडवींतून मागच्या कोठींत गेलीं. आणि मोटारीच्या कप्प्यांत फ्यूजची एक लहान डबी आली. तिच्या झांकणावर वहिनींनीं मोटारीच्या पुस्तकांतून पाहून कोणता फ्यूज कोणत्या कामाचा तें सुवाच्य अक्षरांत लिहून चिकटविलें आहे. परवां धाकटी पुतणी तें मोठ्यानें वाचीत होती. आजीनें विचारलें, “काय ग, या एवढ्याशा तुकड्याचें काम तरी काय?” पोरगी म्हणाली, “आपण जळून बाकीच्यांना वांचवायचें.” आजीनें थोडा वेळ ती डबी हातांत धरली, मग पुतण्याकडे पाहून म्हणाली, “मग त्याच्या जागीं पुन्हां कागद घालूं नकोस हो.”